खानदेशातील छायाचित्रणाचे प्रथम पाठ

इतिहासाच्या अभ्यासात छायाचित्राचा उपयोग आता इतका रूढ झाला आहे की, एक साधन म्हणून त्याची चिकित्सा करण्याची आवश्यकता सहसा कोणास भासत नाही. ताम्रपट, बखर अथवा जुने पत्र हाती आले म्हणजे त्याचा काळ, लेखक, हेतू व प्रत यांची आपण कसून तपासणी करतो. छायाचित्र मात्र मूळ वस्तूचे जणू दुसरे रूपच होय, अशा समजुतीने स्वीकारतो. ही समजूत कितपत ग्राह्य आहे हे ठरवावयाचे, तर छायाचित्रण शिकणाऱ्यास प्रथम काय शिकावे लागते, हे पाहणे अगत्याचे आहे. खानदेशाशी निगडित अशा दोन व्यक्तींच्या आधारे हा विचार येथे करावयाचा आहे.

पश्चिम हिंदुस्थानात या विद्येचे पद्धतशीर शिक्षण मुंबईस सुरू झाले. फ्रान्समधील दागेर याची पद्धती १८३९ साली जाहीर झाली आणि पुढे पंधरा वर्षांत, म्हणजे १८५४ साली, मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली. १८५५ साली एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये छायाचित्रणाचा वर्ग निघाला. तेथे शिकलेल्या हरिश्चंद्र चिंतामण यांनी पुढे हाच व्यवसाय केला. डॉ. भाऊ दाजी यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हेही त्या काळातील नामांकित छायाचित्रकार होत. मुंबईच्या विद्यार्थ्यास याप्रमाणे शिक्षक, संस्था व रसायने ही तिन्ही उपलब्ध होती. खानदेशाची स्थिती निराळी होती. तेथे जो शिकला तो बव्हंशी स्थळाकडून आणि स्वतःच्या प्रयोगांतून शिकला.

यांपैकी पहिले उदाहरण मेजर रॉबर्ट गिल यांचे. अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या प्रती करण्यासाठी मद्रासच्या लष्करातील या चित्रकार अधिकाऱ्याची १८४४ साली नेमणूक झाली. अजिंठा त्या वेळी निजामाच्या राज्यात असला, तरी खानदेशच्या मैदानास लागून असलेल्या डोंगररांगेतच ही लेणी आहेत. गिल यांनी पुढील आयुष्य बहुतांशी याच परिसरात घालविले. १८७९ साली त्यांचा मृत्यू झाला व भुसावळ येथे त्यांचे दफन झाले. तैलरंगातील त्यांच्या बहुतेक प्रती लंडनजवळच्या क्रिस्टल पॅलेसला डिसेंबर १८६६ मध्ये लागलेल्या आगीत नष्ट झाल्या. तत्पूर्वी पन्नाशी उलटून गेलेल्या या चित्रकाराने कॅमेरा हाती घेतला होता. त्यांची छायाचित्रे जेम्स फर्ग्युसन यांच्या विवेचनासह १८६४ साली दोन ग्रंथांत प्रसिद्ध झाली. त्यांतील एका ग्रंथात ७४, तर दुसऱ्यात १०० छायाचित्रे आहेत.

त्या काळी नवशिक्यास कोणते पाठ गिरवावे लागत, हे ध्यानात घेतले पाहिजे. फ्रेडरिक स्कॉट आर्चर याने १८५१ साली प्रसिद्ध केलेली कलोडियनची ओली पद्धती तेव्हा प्रचलित होती. काचेवर कलोडियनचा पातळ थर सारखा पसरावयाचा, काच अंधारात सिल्व्हर नायट्रेटच्या द्रावणात बुडवावयाची, ती ओली असतानाच कॅमेऱ्यात घालून प्रकाश द्यावयाचा, आणि थर वाळण्यापूर्वी प्रतिमा प्रकट करून ती स्थिर करावयाची, असा हा क्रम होता. हे सर्व थोड्या मिनिटांत उरकावे लागे. म्हणून अंधारी राहुटी व रसायनांच्या बाटल्या कामाच्या जागीच नेणे भाग होते. उन्हाळ्यात थर लवकर वाळे आणि लेण्याच्या आत प्रकाश अपुरा असल्याने काचेस दीर्घ काळ प्रकाश द्यावा लागे. एकीकडे त्वरा आणि दुसरीकडे विलंब, अशा दोन परस्परविरोधी गरजांचा मेळ घालणे हाच तेथील पहिला पाठ होता.

यापेक्षाही महत्त्वाची गोष्ट रंगांसंबंधीची आहे. कलोडियनची काच निळ्या व जांभळ्या प्रकाशासच संवेदनशील असते. तांबडा व पिवळा रंग तिच्यावर जवळजवळ उमटत नाही आणि छापील प्रतीत तो काळपट दिसतो. अजिंठ्याच्या चित्रांत तांबडी व पिवळी माती विपुल वापरलेली आहे. अर्थात, या पद्धतीने त्या चित्रांचे छायाचित्र घेतले असते, तर उजळ पिवळी कांती काळवंडली असती आणि निळा रंग फिकट पडला असता. गिल यांच्या १८६४ च्या ग्रंथांत भर आहे तो वास्तू व शिल्प यांवर. भित्तिचित्रांसाठी त्यांनी कुंचलाच वापरला. अंधार व काचेचा हा रंगदोष ही यामागील प्रमुख कारणे असावीत, असे अनुमान करण्यास हरकत नाही. विसाव्या शतकात सर्व रंगांस संवेदनशील अशा काचा प्रचारात आल्यानंतरच ही अडचण दूर झाली. गुलाम याझदानी यांचा छायाचित्रांवर आधारलेला अजिंठ्यावरील चार भागांचा ग्रंथ १९३० ते १९५५ या काळात प्रसिद्ध झाला, यात म्हणूनच नवल नाही.

दुसरे उदाहरण चाळीसगावचे कैखुश्रू ऊर्फ केकी मूस (१९१२-१९८९) यांचे. मुंबईस जन्मलेल्या या कलावंताने इंग्लंडमध्ये कलाशिक्षण घेतले आणि परत आल्यावर चाळीसगावी रेल्वे स्थानकानजीकच्या आपल्या घरातच उर्वरित आयुष्य व्यतीत केले. घराबाहेर ते क्वचितच पडत. यासंबंधी एका आगगाडीची व न आलेल्या प्रेयसीची कथा सांगितली जाते. परंतु लोकप्रियता हा पुरावा नव्हे, आणि प्रस्तुत विवेचनास त्या कथेची आवश्यकताही नाही. महत्त्वाचे हे की, त्यांची ख्याती ज्या ‘टेबल-टॉप’ छायाचित्रणामुळे झाली, त्यास प्रवासाची गरज नव्हती. मेजावर सामान्य वस्तू मांडावयाच्या आणि प्रकाशाची दिशा, अंतर व तीव्रता बदलून त्यांतून भूदृश्याचा किंवा प्रसंगाचा भास निर्माण करावयाचा, असे हे तंत्र आहे. त्यांच्या घराचे आता संग्रहालय झाले आहे.

गिल यांना प्रकाश मिळेल तसा स्वीकारावा लागला. मूस यांनी तो स्वतः रचला. पद्धती भिन्न असल्या तरी निष्कर्ष एकच निघतो. छायाचित्र वस्तूचे नसते, वस्तूवर विशिष्ट वेळी पडलेल्या विशिष्ट प्रकाशाचे असते. मूस यांच्या मेजाकडे पाहून ज्यास हे उमगले, तो गिल यांच्या लेण्याच्या चित्रातील काळोखास रिकामी भिंत समजणार नाही.

इतिहासाच्या विद्यार्थ्यास याचा प्रत्यक्ष उपयोग आहे. चाळीसगावजवळील पाटण येथे भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याचा शिलालेख आहे, डॉ. भाऊ दाजी यांनी तो विद्वानांच्या नजरेस आणला. अशा कोरीव लेखावर समोरून प्रकाश टाकल्यास अक्षरे सपाट होऊन पुसट दिसतात. तोच प्रकाश बाजूने, अगदी तिरपा टाकला, तर प्रत्येक खाच छायेने भरून स्पष्ट होते. मात्र एकाच बाजूच्या प्रकाशात त्या दिशेस समांतर असणाऱ्या रेघा दबतात. काना, मात्रा किंवा अंक यांच्या वाचनात चूक होण्याचा संभव येथेच असतो. म्हणून एकाच लेखाची दोन दिशांनी छायाचित्रे घेणे इष्ट. कागदाचा नियम याच्या उलट आहे. धुळे येथील राजवाडे संशोधन मंडळाच्या संग्रहासारखी मोडी कागदपत्रे टिपताना दोन्ही बाजूंनी सारखा, मध्यम कोनातला प्रकाश हवा, कॅमेरा कागदास समांतर हवा आणि शेजारी मोजपट्टी हवी. घडीची सावली अक्षराची रेघ म्हणून वाचली गेली, तर एका आकड्याने सनावळीचा सगळा हिशेब बिघडतो.

छिद्र, वेळ व अंतर यांचे गणित आता यंत्र स्वतःच करते. त्यामुळे नवशिक्याचे श्रम वाचले, पण प्रकाश कोठून आला हे लक्षात घेण्याची सवयही त्याबरोबर शिथिल झाली. साधनचिकित्सेच्या दृष्टीने ही हानी लहान नाही. तेव्हा छायाचित्रास पुरावा म्हणून जोडताना ते केव्हा, कोणत्या पद्धतीने व कोणत्या प्रकाशात घेतले, याची नोंद करण्याचा प्रघात आपल्या प्रबंधांतून पडावयास हवा. जुन्या छायाचित्राबाबत ही माहिती मिळत नसेल, तर निदान ते कोणत्या काळच्या काचेवर उमटले आहे आणि त्या काचेस काय दिसत नव्हते, एवढे तरी विचारले गेलेच पाहिजे.