रानभाजीचा महोत्सव, पण रान कुणाचे?

ऑगस्ट उजाडला की जिल्ह्याजिल्ह्यांत कृषी विभागाचे रानभाजी महोत्सव सुरू होतात. मांडवात टेबले, टेबलांवर तरोटा, कुरडू, तांदुळजा, घोळ, आंबाडी. प्रत्येक जुडीसमोर तिच्या औषधी गुणांची चिठ्ठी. पाहुणे येतात, फीत कापतात, फोटो काढतात. चिठ्ठीवर सगळे असते. ही भाजी आजवर कोण खात होते आणि का खात होते, एवढेच नसते.

मित्रहो, या विषयावर आपल्यातही दोन टोके आहेत. एक म्हणतो, गरिबीचे अन्न कशाला मिरवायचे? बाबासाहेबांनी आपल्याला त्यातूनच बाहेर काढले ना? दुसरा शहरातल्या फ्लॅटमध्ये बसून 'आजीच्या हातची भाजी' म्हणत हळवा होतो. पहिल्याची चीड मला समजते. दुसऱ्याचा हळवेपणा मात्र शेवटी त्याच मांडवात जाऊन बसतो. ती भाजी चुलीपर्यंत पोचायची कशी, हे दोघेही विचारत नाहीत. तो प्रश्न विचारला की स्वयंपाकघराचा दरवाजा थेट जमिनीच्या इतिहासात उघडतो.

मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा २५ वा खंड वनस्पतींचा आहे. तो १८८६ साली निघाला. त्यात दुष्काळात लोक जी पाने, कंद, बिया खातात त्यांची वेगळी नोंद आहे. इंग्रज सरकारला ही यादी का हवी होती, हे कळायला दहा वर्षे मागे जावे लागते. १८७६ ते १८७८ चा दुष्काळ. सर रिचर्ड टेम्पलने दुष्काळी कामावरच्या धडधाकट पुरुषाला दिवसाला पौंडभर, म्हणजे साधारण ४५० ग्रॅम धान्य आणि वर किरकोळ पैसे एवढी मजुरी ठरवली. दिवसभर माती उपसणाऱ्या माणसाला एवढे! एप्रिल १८७७ मध्ये ओतूरहून जोतीरावांना लिहिलेल्या पत्रात सावित्रीबाई जुन्नर भागातल्या उपासमारीची हकीकत कळवतात. त्याच वर्षी सत्यशोधकांनी धनकवडीला दुष्काळपीडितांच्या मुलांसाठी अन्नाची सोय केली. सरकारने यादी केली, सत्यशोधकांनी चूल पेटवली. मला हा फरक महत्त्वाचा वाटतो.

जोतीराव चूल पेटवून थांबले नाहीत. १८८३ साली पुऱ्या झालेल्या 'शेतकऱ्याचा असूड'मध्ये त्यांनी जंगलखात्यावर जो आसूड ओढला आहे तो आपल्या तरुणांनी पुन्हा वाचावा. थोडीशी जमीन असलेला शेतकरी पूर्वी आसपासच्या रानातली फळे, पाने, फुले यांवर आणि गावच्या गायरानावर कसाबसा तग धरून होता. ते डोंगर, ती गायराने सरकारने जंगलखात्यात घातली आणि त्याचा तो आधारही गेला, असे त्यांचे म्हणणे. १८७८ चा जंगल कायदा तेव्हा नुकताच झाला होता. पानाफुलांचा प्रश्न हा जमिनीचा प्रश्न आहे, हे सांगणारा माणूस आपल्याकडे दीडशे वर्षांपूर्वीच होऊन गेला आहे, आणि आपण मात्र त्या पानांतले लोह मोजत बसलो आहोत.

आता ज्याला थोडीही जमीन नव्हती त्याचे काय? महार-मांगांच्या वस्तीत भाजी बहुतेक करून खुरपणीतून येई. मालकाच्या लेखी जे तण, तेच मजूर बाईच्या घरची भाजी. दिवसभर वाकून पिकातले गवत काढायचे आणि त्यातला तांदुळजा, घोळ, पाथरी वेगळी करून ओच्यात टाकायची. मालकाचे तण निघाले आणि घरची भाजीही झाली. पण हाही हक्क नव्हता, मेहेरबानी होती. मालकाची मर्जी फिरली तर बांधावरून जाताना ओचा झाडायला लावत. आणि पावसाने दगा दिला तर तीही भाजी नाही. १९७२ साली खडी फोडायला गेलेल्या पिढीला विचारा. त्यांना लाल मिलो आठवेल, सुकडी आठवेल. निसर्ग गरिबाला उपाशी ठेवत नाही, असे म्हणणाऱ्यांनी ते साल पाहिलेले नाही.

आंबाडीचेच घ्या. शेताच्या कडेने पेरायचे हे झाड. पाला कोवळा असताना भाजी, झाड मोठे झाले की सालीचा वाख आणि वाखाचा दोर. दोर वळायचे काम मांगांचे, बलुत्यातले. म्हणजे मालकाच्या बैलाला बांधायची कासरा-दावी याच झाडाची आणि दोर वळणाऱ्याच्या घरचे कोरड्यासही याच झाडाचे. जातीने काम ठरवले होते, ताटही जवळपास ठरवले होते.

त्या ताटात जी भाजी येई ती मात्र अक्कल लावून केलेली असे, आणि याबद्दल आपण फार कमी बोलतो. आंबाडी आंबट म्हणून पाला आधी उकडायचा, पिळायचा, मग ज्वारीच्या कण्या घालून शिजवायचा. कण्या आंबटपणा सोसून घेतात आणि भाजीला पोटभरीची करतात. वरून लसणाची फोडणी. तेल असेल त्या दिवशी. तरोटा (कोकणात टाकळा म्हणतात तो) पहिल्या पावसानंतरच्या दोन-तीन आठवड्यांतच घ्यायचा. पान जून झाले की कडसर लागते. हरभऱ्याचा पाला धुवायचाच नाही, कारण त्यावरची आंब हीच त्याची चव. तो हातावर चोळून, वाळवून ठेवला की उन्हाळ्यात, रानात काहीच नसते तेव्हा, बेसनात किंवा ज्वारीच्या पिठात घोटून कोरड्यास होते. कोणते पान कधी खुडायचे, कोणते पाणी फेकायचे, कोणते ठेवायचे, कशात काय घातले की पोटाला बाधत नाही, हे सगळे कुणीतरी पिढ्यानपिढ्या करून, चुकून, पुन्हा करून ठरवले. ज्यांना अक्षर शिकू दिले नाही त्या बायांचे हे शास्त्र आहे. शास्त्र हा शब्द मी मुद्दाम वापरतो.

ते लिहून ठेवायला मात्र फार उशीर झाला. मराठीत पाककृतींची पुस्तके शंभर वर्षांहून अधिक काळ निघत आहेत. १९७० साली आलेली 'रुचिरा' घराघरांत पोचली. पण मराठवाड्यातल्या महार-मांगांच्या चुलीवर काय शिजत होते, हे शाहू पाटोळे यांचे 'अन्न हे अपूर्णब्रह्म' २०१५ मध्ये आले तेव्हा कुठे पुस्तकात सविस्तर उतरले. त्या नावातच ज्याला कळायचे त्याला सगळे कळते.

इथे पहिल्या टोकाच्या मित्राला उत्तर देणे भाग आहे. मार्च १९२७ मध्ये महाडच्या परिषदेत बाबासाहेबांनी मृतमांस सोडायला सांगितले, शिळ्यापाक्या तुकड्यांवर जगणे सोडायला सांगितले. येसकराची पाळी घेऊन दारोदार भाकरी मागत फिरायचे आणि त्यालाच आपले वतन, आपला मान समजायचे, ही लाचारी त्यांना मोडायची होती. त्यांचा रोख दुसऱ्याच्या हातून पडणाऱ्या अन्नावर होता. स्वतःच्या कष्टाने खुडलेल्या आणि स्वतःच्या चुलीवर शिजवलेल्या भाजीवर नव्हता. उलट सवर्णांना काय खुपते, तेही त्यांनीच 'जातिप्रथेचे विध्वंसन'मध्ये नोंदवले आहे. १९३६ साली जयपूर संस्थानातल्या चकवारा गावी एका अस्पृश्याने यात्रेहून आल्यावर जातभाईंना जेवण दिले. जेवणात तूप होते, म्हणून सवर्ण लाठ्या घेऊन पंगतीवर चालून आले. पाला खाल्ला असता तर कुणी आले नसते. म्हणून पाल्याचे कौतुक करताना तूपही आपल्या हक्काचे आहे, हे विसरायचे नाही. 'तुमचे अन्न किती साधे, किती पौष्टिक' असे कुणी म्हणाले की मी जरा सावध होतो.

आणि आज? नव्वदनंतर मराठवाडा-विदर्भात सोयाबीन पसरले, मागोमाग तणनाशक आले. फवारणी एका माणसाची, दोन तासांची. खुरपणीच्या दहा बायांची मजुरी गेली आणि त्यांच्या ओच्यातली भाजीही गेली. दोन्ही एकाच फवाऱ्याने. आता तीच बाई तेलाच्या पुड्यासोबत बाजारातून बटाटे आणते, आणि तिकडे शहरात तरोट्याची जुडी विकत मिळते.

राहिले गायरान. दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली १९५९ आणि १९६४-६५ साली भूमिहीनांनी जे सत्याग्रह केले, तुरुंग भरले, त्यात पडीक जमिनीची मागणी अग्रभागी होती. नोव्हेंबर १९९१ च्या शासन निर्णयाने १४ एप्रिल १९९० पर्यंतची दलित-आदिवासी भूमिहीनांची गायरानावरची अतिक्रमणे नियमित करायचे ठरले. वनहक्क कायदा २००६ चा. त्याने गौण वनोपजावर आदिवासींचा आणि पारंपरिक वननिवासींचा मालकी हक्क मान्य केला. कागद झाले. पण गावोगावी जाऊन बघा. जमीन पस्तीस-चाळीस वर्षे कसलेली, धुऱ्याला आंबाडी लावलेली, बाई रोज तिथूनच भाजी खुडून आणते, आणि सातबाऱ्यावर नाव अजून सरकारचे. महोत्सवाचा मांडव घालते तेच सरकार. येत्या ऑगस्टमध्ये फीत कापायला पालकमंत्री आले तर आपल्या कार्यकर्त्यांनी गावातल्या गायरानाचा गट नंबर आणि कसणाऱ्यांची यादी लिहून त्यांच्या हातात द्यावी, आणि अर्जाची पोच तिथेच घ्यावी.