दहा हजार शंभर तिकिटं, सात दारं

तिकीट सहा पौंडांचं होतं. दिवस १५ एप्रिल १९८९, मैदान शेफिल्डचं हिल्सबरो, सामना फुटबॉलच्या एफए कपच्या उपांत्य फेरीचा, लिव्हरपूल विरुद्ध नॉटिंगहॅम फॉरेस्ट. जागा पश्चिमेकडच्या पायऱ्यांवर उभ्याची, आत जायचं लेपिंग्ज लेनच्या बाजूने. सामना तीनला सुरू होणार असला तरी पंधरा मिनिटं आधी आपल्या जागी या, अशी सूचना तिकिटावरच होती. ज्याच्या हाती हे तिकीट पडलं त्याच्याकडे लिव्हरपूलमध्ये शेजारपाजारचे हेव्याने बघत असणार.

पुढे कित्येक वर्षं जगाला सांगितलं गेलं, की बिनतिकीट लोक दार तोडून घुसले आणि त्यातून माणसं मेली. म्हणून हा घटनाक्रम तिकिटापासूनच सुरू करतो.

आठ वर्षं आधी

११ एप्रिल १९८१. हेच मैदान, हीच फेरी, टॉटनहॅम आणि वुल्व्ज. लेपिंग्ज लेनच्या पायऱ्यांवर प्रमाणाबाहेर माणसं आली, दाबली गेली, ३८ जण जखमी झाले. काही काळ उपांत्य सामने हिल्सबरोला देणं बंद झालं. त्यानंतर पायऱ्यांवर उभी कुंपणं घालून त्यांचे कप्पे पाडण्यात आले. मैदानाच्या बाजूला उंच जाळी आधीपासून होतीच. तिच्यात छोटी दारं, आणि ती बंद. पूर्वी गर्दी वाढली की माणूस निदान बाजूला सरकू शकत होता, आता तेही गेलं. मैदानाचं सुरक्षा प्रमाणपत्र मात्र १९७९चं होतं, ते तसंच राहिलं.

मार्च १९८९

तिकिटांची वाटणी झाली. लिव्हरपूलचे पाठीराखे संख्येने जास्त, पण त्यांच्या वाट्याला २४,२५६ तिकिटं आली आणि फॉरेस्टला सुमारे २९,८०० जागांचा भाग. कारण साधं होतं. लिव्हरपूलचे लोक उत्तरेकडून आणि पश्चिमेकडून येणार, फॉरेस्टचे दक्षिणेकडून. दोघांची रस्त्यात गाठ पडू नये म्हणून ज्याची जी दिशा त्याला ती बाजू. आदल्या वर्षीही हेच दोन संघ, हेच मैदान आणि हीच वाटणी होती. लिव्हरपूलने तेव्हाही कुरकुर केली होती, याही वेळी केली. पोलिसांनी मानलं नाही.

आता दारं मोजू. इंग्लंडच्या मैदानांवर टर्नस्टाईल असते, एका वेळी एकच माणूस आत सोडणारं लोखंडी फिरतं दार. फॉरेस्टच्या बाजूला अशी ६० दारं होती, लिव्हरपूलच्या सगळ्या लोकांसाठी २३. आणि त्यातही उभ्याच्या पायऱ्यांची १०,१०० तिकिटं ज्यांच्याकडे होती, त्यांना ए ते जी एवढी सातच दारं.

एका दाराच्या वाट्याला १,४४३ माणसं येतात. त्या वेळच्या सरकारी मार्गदर्शिकेप्रमाणे एका टर्नस्टाईलमधून तासाला जास्तीत जास्त ७५० माणसं जाऊ शकतात. म्हणजे कुठेही न अडखळता, कुणाचं तिकीट खिशात न अडकता, सलग एक तास पंचावन्न मिनिटं रांग सरकत राहिली तरच सगळे आत. फुटबॉलचे प्रेक्षक शेवटच्या तासात येतात हे मैदानाच्या मालक क्लबला, पोलिसांना, सगळ्यांना ठाऊक होतं. चौथीतल्या पोराला घालावं असलं हे गणित, आणि ते कुणीही मांडून पाहिलं नाही.

१९ दिवस आधी

२७ मार्चला डेव्हिड डकनफिल्ड यांची चीफ सुपरिंटेंडंट म्हणून बढती होऊन सामन्याच्या बंदोबस्ताची सूत्रं त्यांच्याकडे आली. त्या जागेवरच्या आधीच्या अधिकाऱ्याला हे मैदान पाठ होतं. नव्या साहेबांना इथल्या एवढ्या मोठ्या सामन्याचा अनुभव नव्हता.

शनिवार, १५ एप्रिल. दुपारी १२

दारं उघडली. छान ऊन पडलेलं. लिव्हरपूलकडून येणाऱ्या रस्त्यांवर कामं चालली होती, त्यामुळे मोटारी आणि बसगाड्या रखडत होत्या.

दुपारी २

दोन्ही गोलांमागच्या पायऱ्या भरत होत्या, पण लेपिंग्ज लेनकडे त्या सारख्या भरत नव्हत्या. गोलाच्या नेमके मागचे कप्पे, क्रमांक ३ आणि ४, गच्च होत होते आणि कडेच्या कप्प्यांत माणसं ऐसपैस उभी होती. तिकिटावर कप्प्याचा क्रमांक नव्हताच. लोक आपापली जागा शोधून घेतील, असं धोरण होतं. टर्नस्टाईलमधून आत आलं की समोर एक बोगदा दिसे, त्यावर ठळक अक्षरांत उभ्याची जागा अशी पाटी. तो बोगदा थेट ३ आणि ४मध्ये उतरत असे. कडेच्या कप्प्यांकडे जायची वाट बाजूने, तिची पाटी सहज नजरेत भरणारी नव्हती. नवखा माणूस बोगद्यातच शिरणार.

क्लबच्या नियंत्रण कक्षात आकडे मोजणारी यंत्रणा होती. पण ती अख्ख्या पायऱ्यांची बेरीज दाखवी, कप्प्यांची नाही. त्यामुळे ३ आणि ४ ओसंडत असताना पडदा सांगत होता की अजून जागा आहे.

२:१५

ध्वनिक्षेपकावरून ३ आणि ४मधल्या लोकांना विनंती झाली: पुढे सरका, मागच्यांना जागा करा.

२:३०

या मिनिटाला जरा थांबू. ए ते जी दारांमधून आतापर्यंत ४,३८३ माणसं गेली होती. उरली ५,७१७. तासाला ७५०चा वेग धरला तरी सात दारांतून अर्ध्या तासात फार तर २,६२५ जातील. तरीही सगळे तीनच्या आधी आत जातील, असं डकनफिल्ड यांना त्यांच्या सहकाऱ्याने सांगितलं.

सामना पुढे ढकलता आला असता. दोनच वर्षांपूर्वी, १९८७ साली, याच मैदानावर लीड्स आणि कॉव्हेंट्रीचा उपांत्य सामना नेमक्या याच कारणासाठी, लोक बाहेर अडकले म्हणून, पंधरा मिनिटं उशिरा सुरू केला होता. कुणाचं काही बिघडलं नव्हतं.

२:४०

बाहेरच्या चिंचोळ्या जागेत पाच हजारांच्या वर माणसं. तिथे रांग अशी नव्हतीच, नुसता लोंढा. पुढच्यांची छाती टर्नस्टाईलच्या भिंतीला टेकलेली आणि मागच्यांना पुढे काय चाललंय ते दिसत नाही. घोडेस्वार पोलीसही त्यात अडकले. त्यातच बिनतारी यंत्रणा काही मिनिटं बिघडली.

२:४७

बाहेर असलेले सुपरिंटेंडंट रॉजर मार्शल यांनी पोलिसांच्या नियंत्रण कक्षाला संदेश दिला: बाहेर पडायची मोठी दारं उघडून लोकांना आत घ्या, नाहीतर इथे कुणीतरी मरेल. उत्तर आलं नाही. त्यांनी पुन्हा मागणी केली. पुन्हा केली.

२:५२

डकनफिल्ड यांनी परवानगी दिली. गेट सी उघडलं. बाहेरचा दाब सुटला, माणसांनी श्वास घेतला. जवळपास पाच मिनिटांत दोन हजारांहून जास्त माणसं त्या दारातून चालत आत गेली. चालत हे महत्त्वाचं, त्यांची चित्रफीत आहे. गेट सीच्या समोर तोच बोगदा, तीच पाटी. बोगदा उताराचा. आदल्या वर्षी मधले कप्पे भरल्यावर तिथे पोलिसांनी उभं राहून लोकांना कडेला वळवलं होतं. आज तिथे कुणीच नव्हतं. दार उघडण्याचा हुकूम देणाऱ्याला बोगदा बंद करण्याचा हुकूम द्यायचं सुचलं नाही. माझ्या मते सगळा दिवस या एका वाक्यात आहे. दार उघडणं चूक नव्हतं.

२:५४

खेळाडू मैदानात आले. गजर झाला. बोगद्यातल्या लोकांनी तो ऐकला आणि त्यांची पावलं उचलली.

३:००

सामना सुरू. लिव्हरपूलचा गोलरक्षक ब्रूस ग्रोबेलार लेपिंग्ज लेनच्या बाजूच्या गोलात होता. त्याच्या पाठीमागे जाळीला चेहरे चिकटलेले. लोक त्याला नावाने हाका मारून मदत मागत होते. त्याने पोलिसांना दार उघडायला सांगितलं.

हिंदी वर्तमानपत्रं अशा घटनेला ‘भगदड’ म्हणतात, पण त्या शब्दात पळणं आहे. आपला ‘चेंगराचेंगरी’ जास्त खरा. त्या कप्प्यांत पळायला वाव कुठे होता? माणसं उभ्या उभ्या, फासळ्या हलवायलाही जागा न उरल्याने गुदमरत होती. बरेच जण बेशुद्ध झाल्यावरही उभेच होते, कारण पडायलाही जागा लागते. हात डोक्यावर असलेल्याला तो खाली घेता येईना आणि खाली असलेल्याला वर काढता येईना. शेजारच्या कडेच्या कप्प्यात, कुंपणापलीकडे, मोकळी जमीन दिसत होती.

३:०४

लिव्हरपूलच्या पीटर बिअर्डस्लीचा फटका पलीकडच्या गोलाच्या आडव्या खांबावर आदळला. गर्दीत एक लाट आली. तिसऱ्या कप्प्यातला लोखंडी अडसर, नकाशावरचा १२४ए, मोडला, आणि त्याच्या आधाराने तगलेली माणसं एकमेकांवर कोसळली.

नियंत्रण कक्षातून हे सगळं दिसत होतं; तो याच टोकाला, उंचावर होता. जाळीवर चढणारी माणसं पाहून आधी वाटलं, मैदानात धुडगूस घालायला येताहेत. काही पोलिसांनी त्यांना परत आत ढकललं. वरच्या बैठ्या स्टँडमधल्या प्रेक्षकांनी वाकून, हात देऊन, खालच्यांना वर ओढून घेतलं.

३:०६

सुपरिंटेंडंट ग्रीनवुड धावत पंचाकडे गेले. पंच रे लुईस यांनी सामना थांबवला. खेळ साडेपाच मिनिटं चालला होता.

यापुढे मदत बहुतेक प्रेक्षकांनीच केली. जाहिरातींचे फलक उपटून त्यांच्यावर माणसं घातली आणि मैदानाच्या दुसऱ्या टोकाला पळवत नेली. पोलिसांची एक रांग त्या वेळी मैदानाच्या मध्यावर उभी होती, लिव्हरपूलचे लोक फॉरेस्टच्या लोकांवर चालून जाऊ नयेत म्हणून.

३:१५

फुटबॉल असोसिएशनचे ग्रॅहम केली नियंत्रण कक्षात आले. काय झालं, असं त्यांनी विचारलं. डकनफिल्ड म्हणाले की लिव्हरपूलच्या लोकांनी गेट फोडलं. ते गेट तेवीस मिनिटांपूर्वी त्यांच्याच हुकमाने उघडलं होतं. तासाभरात ही गोष्ट दूरचित्रवाणीवर, रेडिओवर, देशभर गेली.

संध्याकाळ आणि रात्र

मैदानाच्या व्यायामशाळेत प्रेतं ओळीने ठेवली. नातेवाइकांना आधी भिंतीवर लावलेले फोटो दाखवले. ओळख पटल्यावर तिथेच जबाब घेतले, त्यात मृताने दारू घेतली होती का हाही प्रश्न. रक्तातली दारू मुलांचीही तपासली. सगळ्यात लहान मुलगा दहा वर्षांचा होता, सगळ्यात वयस्कर माणूस ६७चा. त्या दिवशी ९४ जण गेले. पंचाण्णवावा चार दिवसांनी, शहाण्णवावा १९९३ साली. सत्त्याण्णवावा २०२१ साली, त्याच दिवशीच्या दुखापतींनी, बत्तीस वर्षांनंतर.

त्यानंतर

ऑगस्ट १९८९मध्ये न्यायमूर्ती टेलर यांचा अंतरिम अहवाल आला. मुख्य दोष त्यांनी पोलिसांच्या ढासळलेल्या नियंत्रणाला दिला. बिनतिकीट लोकांचं काय, हे तपासण्यासाठी सरकारच्या आरोग्य आणि सुरक्षा विभागाने टर्नस्टाईलचे आकडे आणि चित्रफिती ताडून मोजदाद केली. उभ्याच्या पायऱ्यांसाठी आत गेलेल्यांचा सर्वात विश्वासार्ह अंदाज निघाला ९,७३४. जास्तीत जास्त ताणला तरी १०,१२४. तिकिटं विकली होती १०,१००.

म्हणजे ज्या प्रेक्षकांवर एका वर्तमानपत्राने पहिल्या पानावर ‘सत्य’ असा मथळा देऊन चिखलफेक केली, त्यांच्यात बिनतिकिटांचा लोंढा नव्हताच; ताणलेला आकडाही तिकिटांपेक्षा चोवीसनेच जास्त. तरी १९९१ साली ज्युरीने अपघाती मृत्यू असा निकाल दिला. तो रद्द व्हायला २०१२चा डिसेंबर उजाडला. त्याआधी सप्टेंबरमध्ये स्वतंत्र समितीने उघड केलं होतं की १६४ पोलिसांचे जबाब बदलले गेले, आणि त्यांतल्या ११६ जबाबांतून पोलिसांना अडचणीची वाक्यं काढून टाकली किंवा बदलली. २०१५ साली डकनफिल्ड यांनी साक्षीत कबूल केलं की गेटबद्दल आपण खोटं बोललो. २६ एप्रिल २०१६ला नव्या ज्युरीने निकाल दिला: हे बेकायदा मृत्यू आहेत, आणि प्रेक्षकांच्या वागण्याचा त्यात कसलाही वाटा नाही.

नोव्हेंबर २०१९मध्ये डकनफिल्ड मनुष्यवधाच्या आरोपातून निर्दोष सुटले. या सगळ्या प्रकरणात फौजदारी न्यायालयात दोषी ठरला तो एकच माणूस, मैदानाच्या मालक क्लबचे तत्कालीन सचिव ग्रॅहम मॅकरेल, त्याच वर्षी. गुन्हा होता दारांचा: एवढ्या तिकिटांसाठी पुरेशा टर्नस्टाईलची व्यवस्था पाहण्यात कसूर. शिक्षा ६,५०० पौंड दंडाची झाली. सहा पौंडांच्या दराने ती १,०८३ तिकिटं होतात. एका दाराच्या वाट्याला आलेल्या माणसांपेक्षा ३६० कमी.