उसन्या देहांचे रोबो

षटकोनी घरांच्या नकाशावर अजस्र रोबो झुंजवायचे, हा ‘बॅटलटेक’ नावाचा अमेरिकी खेळ. त्याचं कूळ शोधायला निघालं की मुळाशी खेळ सापडतच नाही. सापडतात ते प्लास्टिकचे जपानी सांगाडे.

१९८१ मध्ये जपानी टीव्हीवर ऱ्योसुके ताकाहाशींची ‘डगराम’ ही मालिका आली, पुढच्या वर्षी ‘माक्रॉस’. त्यांतल्या यंत्रांचे जोडसंच दुकानांत विकले जात: तुकडे चौकटीतून कापायचे, चिकटवायचे, रंगवायचे. हे खोके समुद्र ओलांडून अमेरिकेत पोहोचले, मालिका मात्र तिथे फारशा कुणी पाहिल्या नव्हत्या. सोंगं आली, नाटक मागेच राहिलं. शिकागोच्या ‘फासा’ने (जॉर्डन वाइसमन आणि रॉस बॅबकॉक यांची कंपनी, तिचं नावच मुळी मार्क्स बंधूंच्या सिनेमातल्या काल्पनिक देशावरून केलेली थट्टा) त्या सोंगांसाठी नवं नाटक लिहिलं. १९८४ चा तो ‘बॅटलड्रॉइड्स’. डगराम झाला ‘शॅडो हॉक’, राउंडफेसर झाला ‘ग्रिफिन’, माक्रॉसचा टॉमहॉक झाला ‘वॉरहॅमर’.

देह उसने असले तरी त्यांना लागलेला ताप फासाचा. तोफा डागल्या की यंत्र तापतं, चाल मंदावते, नेम चुकतो, अतीच झालं तर पोटातला दारूगोळा फुटतो. माझ्या मते खेळाचा जीव इथेच आहे. एरवी फासे टाकणारे पुष्कळ.

नाव वर्षभरही टिकलं नाही. ‘ड्रॉइड’ या शब्दावर लुकासफिल्मने हक्क सांगितला आणि १९८५ मध्ये ‘बॅटलटेक’ जन्मला. त्याच सुमारास रेव्हेल कंपनी तसेच जपानी संच ‘रोबोटेक’ नावाने विकत होती. ते नाव हार्मनी गोल्ड या कंपनीने आपल्या टीव्ही मालिकेला घेतलं. तीत माक्रॉस होतीच. एकाच देहाचे फासा आणि हार्मनी गोल्ड असे दोन धनी झाल्यावर भांडण अटळ होतं. ते कोर्टात गेलं, १९९६ मध्ये तडजोड झाली आणि फासाने त्या उसन्या रोबोंची चित्रं छापणं सोडलं. खेळाडू अशा रोबोंना ‘अनसीन’ म्हणू लागले. वॉरहॅमरचं वजन तेच, ७० टन; शस्त्रंही तीच; फक्त चित्र गायब.

पुढे चित्रकारांनी त्याला नवा देह दिला. हातांच्या जागी तोफांच्या नळ्या मात्र तशाच ठेवल्या.