साठा आणि विसर्ग : हलक्या बॅटरीच्या निवडीचा इतिहास

शर्यतीच्या मोटारीत कोणती बॅटरी बसवावी, हा प्रश्न वरवर पाहता यंत्रशाळेतील आहे. तथापि त्याचा इतिहास तपासला, तर त्यातील बराचसा घोटाळा धातूंचा वा रसायनांचा नसून शब्दांचा आहे, असे दिसून येते. ‘ही बॅटरी केवढी?’ असे ग्राहक विचारतो, तेव्हा तिच्यात वीज किती मावते हे त्याला जाणून घ्यावयाचे असते, की ती वीज किती वेगाने मिळू शकते हे? या दोन गोष्टी एकाच शब्दात कोंबल्यामुळे ‘जड ती बलवान’ अशी समजूत दीर्घकाळ रूढ झाली. आणि अलीकडे ‘हलकी ती सर्वथैव श्रेष्ठ’ ही दुसरी समजूत तिची जागा घेऊ पाहत आहे. दोहोंचे निरसन करण्यास लागणारी परिभाषा मराठीत नव्याने घडवावयास नको. ती धरणांच्या व्यवहारात तयार आहे.

परभणी जिल्ह्यातील जिंतूर तालुक्यात येलदरी येथे पूर्णा नदीवर असलेले धरण हे या परिभाषेचे उत्तम उदाहरण होय. येलदरीचा एकूण साठा ९३४.४४ दशलक्ष घनमीटर आहे, त्यांपैकी ८०९.७७ हा जिवंत साठा व १२४.६७ हा मृत साठा. ज्या द्वारातून पाणी सोडावयाचे, त्याच्या उंबऱ्याखाली राहणारे पाणी ते मृत. ते जलाशयात असते, परंतु कामास येत नाही. धरणातून ठराविक वेळात बाहेर पडणारे पाणी म्हणजे विसर्ग, व वरून येणारे पाणी म्हणजे आवक. धरणाच्या पायथ्याशी असलेल्या वीजगृहाची स्थापित क्षमता २२.५ मेगावॅट आहे. हा आकडा साठ्याचा नव्हे. तो वेगाचा आहे. जिंतूर वा वसमतकडील शेतकरी या चार कल्पनांची गल्लत कधीही करीत नाही. बॅटरीच्या बाबतीत मात्र ती सर्रास होते.

बॅटरी हा शब्द मुळात तोफांच्या रांगेचा. अठराव्या शतकाच्या मध्यास बेंजामिन फ्रँक्लिनने वीज साठविणाऱ्या काचपात्रांच्या रांगेस तो लावला. मराठी परिभाषाकारांनी ‘विद्युत् घटमाला’ असा शब्द योजिला, आणि तो अधिक अर्थवाही आहे. कारण घट म्हटले की त्यात काही मावते व त्यातून काही ओतले जाते, या दोन्ही क्रिया डोळ्यांपुढे येतात. लोकव्यवहाराने मात्र ‘बॅटरी’च स्वीकारली व हातातल्या विजेरीसही तेच नाव दिले.

पुनःपुन्हा भरता येणारा शिशाचा घट गास्तों प्लाँते या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८५९ मध्ये सिद्ध केला. १८८१ मध्ये कामीय फोर याने शिशाच्या पत्र्यांवर लेप देण्याची युक्ती काढली, तेव्हा त्याच्या कारखानदारीचा मार्ग मोकळा झाला. २९ एप्रिल १८९९ रोजी बेल्जियमच्या कामीय जेनाट्झी याने पॅरिसजवळ आशेर येथे विजेवर चालणारी मोटार ताशी १०५.८८ किलोमीटर वेगाने हाकली. ताशी शंभर किलोमीटरची मर्यादा ओलांडणारे ते पहिले रस्त्यावरील वाहन. त्याच्या वजनाचा फार मोठा वाटा बॅटरीचाच होता. म्हणजे वेगाच्या इतिहासात बॅटरी आरंभी स्वतःच घोडा होती व स्वतःच ओझेही होती. पुढे पेट्रोलच्या इंजिनाने बाजी मारली. १९१२ मध्ये कॅडिलॅक मोटारीत चार्ल्स केटरिंगने सिद्ध केलेला विजेचा स्टार्टर आला, आणि बॅटरीकडे इंजिन जागे करण्याचे काम राहिले. काम बदलले तरी शिसे तेच राहिले, आणि वजनही.

या वजनाचा हिशेब काटेकोरपणे मागितला तो ड्रॅग शर्यतीने. दोन मोटारी स्थिर स्थितीतून निघून सरळ धावपट्टीवर पाव मैल, म्हणजे सुमारे ४०२ मीटर, धावतात, असे या शर्यतीचे स्वरूप आहे. थोडे अंतर, सरळ पट्टी व सेकंदांच्या अंशांत होणारा निकाल, ही लक्षणे वऱ्हाडातील शंकरपट पाहिलेल्या वाचकास अपरिचित वाटणार नाहीत. अमेरिकेत दुसऱ्या महायुद्धानंतर विमानांच्या धावपट्ट्यांवर तिचा प्रसार झाला व १९५१ मध्ये तिच्या नियमनासाठी राष्ट्रीय संघटना स्थापन झाली. महाराष्ट्रात एकविसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात लोणावळ्याजवळील ॲम्बी व्हॅलीच्या विमानपट्टीवर अशा शर्यती भरू लागल्या.

या शर्यतीत दहा किलो वजन वाचल्याने नेमके काय साधते? शर्यतीच्या वर्तुळातील रूढ ठोकताळा असा की, ४५ किलो वजन कमी झाले म्हणजे पाव मैलास सुमारे एक दशांश सेकंद वाचतो. त्या हिशेबाने दहा किलोंची बचत ही सुमारे दोन शतांश सेकंदांची होय. शेवटच्या रेषेवर ताशी १६० किलोमीटर वेग असलेली मोटार तेवढ्या अवधीत सुमारे एक मीटर जाते. एक मीटरने शर्यत जिंकता येते, म्हणून हा लाभ नगण्य नव्हे. परंतु ज्या वर्गात मोटारीचे किमान वजन नियमाने ठरविलेले असते, तेथे मोटार आधीच त्या मर्यादेवर असेल, तर वाचविलेले दहा किलो अन्यत्र शिसे बांधून भरून काढावे लागतात. पुष्कळ स्पर्धक जड बॅटरी मागील चाकांजवळ हलवितात, ती याच विचाराने. कारण ढकलणाऱ्या चाकांवर पडणारा भार पकड वाढवितो. अशा वेळी सर्व वीज बाहेरून तोडता येईल अशी कळ मोटारीच्या मागील बाजूस बसविण्याचा दंडक आहे.

आता साठ्याचा हिशेब पाहू. स्टार्टरने २०० अँपिअर प्रवाह तीन सेकंद घेतला, तर खर्च होतो तो केवळ अँपिअर-तासाचा सहावा हिस्सा. मग मोटारीत ६० अँपिअर-तासांची बॅटरी कशासाठी? याचे उत्तर जर्मन संशोधक पॉइकर्ट याने १८९७ मध्ये मांडलेल्या नियमात आहे. शिशाच्या बॅटरीतून वीज जितकी वेगाने काढावी, तितका तिचा उपयोगी पडणारा साठा घटतो. धरणाच्या द्वाराचा उंबरा दगडात बसविलेला असतो. विसर्ग वाढविला म्हणून तो वर सरकत नाही. शिशाच्या बॅटरीचा उंबरा मात्र विसर्गाबरोबर वर चढतो, आणि क्षणापूर्वी जिवंत असलेला साठा मृत ठरतो. म्हणून मोठा विसर्ग हवा, तर मोठे धरण बांधावे लागे. वाहनाने वाहिलेल्या शिशाचा बराचसा भाग असा मृत साठ्याचा होता.

लिथियमने हा उंबरा पुष्कळसा स्थिर केला. लिथियम-आयन घट १९९१ मध्ये बाजारात आला. त्याच्या संशोधनाबद्दल गुडइनफ, व्हिटिंगहॅम व योशिनो यांना २०१९ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. गुडइनफ यांच्याच प्रयोगशाळेत १९९० नंतरच्या दशकात लोह-फॉस्फेटाचा प्रकार पुढे आला. त्याचा प्रत्येक घट ३.२ व्होल्टचा, म्हणून चार घटांची माला शिशाच्या सहा घटांच्या मालेची जागा घेऊ शकते. २००९ च्या अखेरीस पोर्शे कंपनीने आपल्या काही मोटारींसाठी अशी बॅटरी जाहीर केली. ती सहा किलोंहून कमी वजनाची व नेहमीच्या ६० अँपिअर-तासांच्या बॅटरीहून दहा किलोंनी हलकी होती. तथापि कडाक्याच्या थंडीत ती दुबळी पडते, म्हणून नेहमीची जड बॅटरीही ग्राहकास सोबत दिली जाई.

घोटाळा होतो तो येथे. अनेक हलक्या बॅटऱ्यांवर ‘शिशाच्या अमुक अँपिअर-तासांशी समतुल्य’ असा आकडा छापलेला असतो. ही समतुल्यता विसर्गाची असते, साठ्याची नव्हे. खरा साठा त्या आकड्याच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आसपासही असू शकतो. इंजिन सुरू करण्यापुरते पाहिल्यास आकडा खोटा नाही. परंतु ड्रॅग शर्यतीच्या अनेक मोटारींत वजन व इंजिनावरील भार वाचविण्यासाठी वीज पुन्हा भरणारा अल्टरनेटरच काढून टाकतात. म्हणजे आवक शून्य. इंधनाचा पंप, प्रज्वलन व पंखे मिळून ४० अँपिअर घेत असतील, तर रांगेत उभे राहणे, धावणे व परत येणे या दहा मिनिटांत जवळजवळ सात अँपिअर-तास खर्च होतात. प्रत्यक्ष धाव दहा-बारा सेकंदांची. साठा संपतो तो रांगेत. समतुल्य म्हणून १८ छापलेल्या बॅटरीत खरे सहाच असतील, तर मोटार ही फेरी पुरी होण्यापूर्वीच बंद पडावयाची. आणि इंधनाच्या पंपास वीज कमी पडून धावेच्या मध्यात इंधनाचा दाब उतरला, तर इंजिनासच इजा होते.

स्थळकाळाचा विचारही आवश्यक आहे. बॅटरीवरील ‘थंड आरंभा’चा आकडा शून्याखाली १८ अंश सेल्सिअस तापमानास मोजलेला असतो. मराठवाड्यास तशी थंडी ठाऊक नाही. उन्हाळ्यात पारा चाळिशीपार जातो, आणि उष्णतेने शिशाच्या बॅटरीचे आयुष्य घटते. म्हणून युरोपात लिथियमविरुद्ध जाणारा मुख्य आक्षेप येथे गैरलागू ठरतो. तथापि लिथियमची बॅटरी तिच्यासाठी बनविलेल्या चार्जरनेच भरली पाहिजे. मर्यादेपलीकडे भरल्यास तिला धोका आहे. लोह-फॉस्फेटाचा प्रकार तुलनेने स्थिर असला तरी हा नियम त्यासही लागू आहे.

सारांश, निवड करणाऱ्याने एक प्रश्न न विचारता चार विचारावेत : जिवंत साठा किती, विसर्ग किती, आवक आहे की नाही, आणि विसर्ग वाढला असता मृत साठा किती वाढतो. या चारही प्रश्नांची उत्तरे मिळाल्यावरच वजनाकडे वळावे. दीडशे वर्षांच्या इतिहासात बॅटरी हलकी झाली ती साठा लहान करून नव्हे, तर मृत साठा कमी करून. आणि जेथे केवळ साठाच लहान करून हलकेपणा विकला जातो, तेथे तो भेद दाखविणारा शब्द ग्राहकाच्या हाती असला पाहिजे. येलदरीच्या काठावरील माणसाजवळ तो शब्द आहे. पाठ्यपुस्तकांनी, कोशांनी व बॅटरीच्या वेष्टनावर मराठी मजकूर छापणाऱ्यांनी तो त्याच्याकडून घ्यावा, हे उचित होय.