झाडीपट्टी रंगभूमीचे वाद्यसंगीत

झाडीपट्टी रंगभूमीचे वाद्यसंगीत : महाराष्ट्राच्या पूर्व टोकास वैनगंगा व तिच्या उपनद्यांच्या खोऱ्यात भंडारा, गोंदिया व गडचिरोली हे जिल्हे आणि चंद्रपूर जिल्ह्याचा पूर्व भाग मिळून जो वनव्याप्त, भातशेतीचा प्रदेश होतो, त्यास ‘झाडीपट्टी’ अथवा ‘झाडीमंडळ’ असे म्हणतात. गोंदिया जिल्हा भंडारा जिल्ह्याच्या विभाजनाने १ मे १९९९ रोजी अस्तित्वात आला. तथापि बोली, सणवार व करमणुकीचे प्रकार यांच्या दृष्टीने हा सर्व प्रदेश एकजिनसी आहे. भाऊबिजेपासून येथे गावोगाव ‘मंडई’ भरू लागते, धानाची कापणी-मळणी आटोपून शेतकऱ्याच्या हाती पैसा येतो आणि पाहुण्यांनी भरलेल्या गावात रात्रभर चालणारे नाटक होते. हा हंगाम सामान्यतः होळीपर्यंत टिकतो. या नाटकांच्या वाद्यवृंदात विसाव्या शतकाच्या अखेरीपासून पायपेटी व तबला यांच्या जोडीस, व काही ठिकाणी त्यांच्या जागी, विद्युत्‌ कळफलक (कीबोर्ड) आणि ऑक्टोपॅड ही वाद्ये आली. या बदलाचे वर्णन चित्रपटसंगीताचे अनुकरण असे करण्याचा प्रघात आहे. ते अर्धेच खरे आहे.

नाटकापूर्वीचे या प्रदेशातील प्रमुख लोकनाट्यप्रकार म्हणजे दंडार व खडी गंमत. हरिश्चंद्र बोरकर यांनी झाडीबोलीबरोबरच या प्रकारांचाही विस्तृत अभ्यास केला आहे. खडी गंमत ही शाहीर व त्याचे साथीदार उभ्याने सादर करतात. स्त्रीवेशातील नाच्या हा तिचा आवश्यक घटक होय. ढोलकी, डफ, टुणटुणे व झांज एवढ्यावर रात्र निभावत असे. ही सर्व वाद्ये खांद्यावर वा कमरेला अडकवून नेता येतात आणि वादक स्वतः खेळाचा भाग असल्यामुळे तो नटाबरोबरच फिरतो. वादकाने एका जागी बसून साथ करावयाची, ही पद्धत नाटकाबरोबर आली.

संगीत नाटकाचा आरंभ अण्णासाहेब किर्लोस्कर यांच्या ‘शाकुंतल’च्या १८८० मधील पुणे येथील प्रयोगापासून मानला जातो. नाटकमंडळ्यांच्या दौऱ्यांतून आणि छापील नाट्यसंहितांमधून ही परंपरा विदर्भात पोहोचली व झाडीपट्टीतील हौशी मंडळींनी ती उचलली. आरंभीची साथ सारंगी, तबला व बाजाची पेटी यांची असे. पुढे गंधर्व नाटक मंडळीने पायपेटी म्हणजेच ऑर्गन या वाद्यास रंगमंचावर मानाचे स्थान दिले. तेथे हरिभाऊ देशपांडे यांचे ऑर्गनवादन, कादरबक्ष यांची सारंगी व अहमदजान थिरकवा यांचा तबला अशी साथ होती. मुंबई-पुण्याकडील संगीत रंगभूमी ओसरल्यानंतरही झाडीपट्टीत पायपेटी टिकून राहिली, ही नोंद घेण्यासारखी गोष्ट आहे.

पायपेटीची रचना समजून घेतल्याखेरीज पुढील बदलाचे मर्म ध्यानी येत नाही. हार्मोनियममध्ये भात्यातील हवा बाहेर रेटली जाऊन धातूच्या पात्यांमधून जाते. अमेरिकन पद्धतीच्या ऑर्गनमध्ये ती आत शोषली जाते. त्यामुळे त्याचा स्वर अधिक मऊ व गोलसर असतो. भाता दोन्ही पायांनी चालत असल्याने वादकाचे दोन्ही हात पट्ट्यांवर मोकळे राहतात आणि गुडघ्याने दाबावयाच्या तरफेने नाद हवा तेव्हा वाढविता व उतरविता येतो. नटाने दीर्घ तान घेतली असता वादक त्याच्याबरोबर नादाचा फुगवटा वाढवीत नेतो व समेवर आणून सोडतो. गायकाचा दम आणि वादकाचा भाता यांचे हे नाते नाट्यगीताच्या आस्वादाचा एक भाग होऊन बसले होते. मात्र वाद्य जड, त्यातील पाती बिघडली तर तालुक्याच्या ठिकाणीही दुरुस्ती होईलच असे नाही. आणि परदेशी ऑर्गनांचे उत्पादन विसाव्या शतकाच्या मध्यास जवळजवळ थांबल्यामुळे जुनीच वाद्ये पुनःपुन्हा सावरून वापरणे भाग पडले.

येथे हेही सांगितले पाहिजे की, ज्या पेटीचा आज परंपरा म्हणून कैवार घेतला जातो, ती स्वतःच एके काळी उपरी ठरली होती. हार्मोनियमचे एकस्व १८४२ मध्ये पॅरिस येथे आलेक्सांद्र दबँ याने घेतले. बंगालमधील कारागिरांनी त्यास बैठकीत वाजविता येईल असे हातभात्याचे रूप दिले. त्याच्या बांधील स्वरांतून श्रुती व मींड निघत नाहीत, या आक्षेपावरून आकाशवाणीने १९४० मध्ये हार्मोनियमवर बंदी घातली व ती १९७१ पर्यंत पूर्णतः उठली नाही. नाटकवाल्यांनी या बंदीची फारशी पर्वा केली नाही. उघड्यावर शेकडो लोकांपुढे गावयाचे तर मोठा व अखंड आधारस्वर देणारे वाद्य त्यांना हवेच होते. विद्युत्‌ कळफलकावर पुढे जे आक्षेप घेतले गेले, ते बव्हंशी हेच होते. गंमत अशी की, कळफलकावरील स्वर वळविण्याच्या चाकाने थोडीफार मींड काढता येते. पेटीवर ती मुळीच येत नाही.

विद्युतीकरणाची पहिली पायरी वाद्यांची नव्हे, ध्वनिवर्धकाची होती. ध्वनिवर्धक येण्यापूर्वी नटाला शेवटच्या रांगेपर्यंत पोहोचणारा खडा आवाज लावावा लागे. आवाजाची फेक हीच त्याची पात्रता ठरे. रंगमंचावर टांगलेल्या ध्वनिग्राहकांमुळे हळुवार बोलणे व गाणे शक्य झाले. त्याचबरोबर वाद्यांनाही ध्वनिग्राहक लावावे लागले आणि वाद्याचा मूळ नाद व प्रेक्षकाला ऐकू येणारा नाद यांत अंतर पडले. एकदा पायपेटीचा सूर कर्ण्यातूनच ऐकू येऊ लागला, की तो धातूच्या पात्यातून निघाला की विद्युत्‌मंडलातून, हा प्रश्न प्रेक्षकाच्या दृष्टीने पुष्कळ सौम्य होतो. कळफलकाची वाट येथेच मोकळी झाली.

ही वाद्ये तयार झाली ती झाडीपट्टीपासून फार दूर. कॅसिओ या जपानी कंपनीने १९८० मध्ये ‘कॅसिओटोन’ हा लहान कळफलक बाजारात आणला. मराठी भाषिकांत ‘कॅसिओ’ हे पुढे कोणत्याही कळफलकाचे सामान्यनामच झाले. १९८३ मध्ये निरनिराळ्या कंपन्यांची विद्युत्‌वाद्ये एकमेकांस जोडण्याची ‘मिडी’ ही समान पद्धती रूढ झाली. रोलँड कंपनीचे ऑक्टोपॅड १९८५ मधील. आठ चौकोनी गाद्यांवर काठीने आघात केला असता त्याचे विद्युत्‌संदेश होतात व त्यानुसार साठविलेले ध्वनी उमटतात, अशी त्याची योजना आहे. मूळ वाद्यात स्वतःचे ध्वनी नव्हते. नंतरच्या प्रतिमानांत ते अंतर्भूत झाले. मुंबईच्या चित्रपटसंगीतात केर्सी लॉर्ड यांच्यासारख्या वादकांनी १९७०–८० या दशकातच सिंथेसायझर रुळविला होता. त्याच वाद्यवृंदांतील चरणजित सिंग यांनी १९८२ मध्ये दहा राग विद्युत्‌यंत्रांच्या बांधीव ठेक्यावर वाजवून त्यांची ध्वनिमुद्रिका काढली. तिची त्या वेळी विशेष दखल घेतली गेली नाही. २०१० मध्ये पुनःप्रकाशन झाल्यावर मात्र ती जगभर चर्चेचा विषय झाली. रागाच्या मोकळ्या विस्तारास यंत्राच्या न बदलणाऱ्या लयीत बसविले असता काय होते, याचा तो पहिल्या काही प्रयोगांपैकी एक होता. झाडीपट्टीच्या रंगमंचावर हाच प्रश्न थोड्या निराळ्या रूपात उभा राहिला.

यूरोपात याच सुमारास ‘औद्योगिक’ म्हणविणारे संगीत उदयास येत होते. इंग्लंडमधील थ्रॉबिंग ग्रिसल या गटाने १९७६ मध्ये ‘इंडस्ट्रियल रेकॉर्ड्‌स’ ही संस्था काढली. १९८० मध्ये बर्लिनमध्ये स्थापन झालेल्या आइन्‌श्ट्युर्झंड नॉयबाउटन या गटाने पत्रे व बांधकामाची अवजारे वाजविली आणि त्यांच्या मागून आलेले अनेक गट ध्वनिसंग्राहक व सिंथेसायझर यांकडे वळले. तेथे यंत्राचा नाद हाच कलेचा विषय होता. झाडीपट्टीत तो कधीच विषय झाला नाही. येथील वादकाने यंत्र घेतले ते ढोलकीसारखे वाजावे म्हणून.

त्याची कारणे हवामानापासून सुरू होतात. नाटकाची रात्र पौष-माघाची, मंडप उघडा. मध्यरात्रीनंतर दहिवर पडू लागले की, ओलसर हवेने तबल्याची पुडी सैल पडते, स्वर उतरतो आणि वादकास प्रवेशाप्रवेशाला हातोडीने गठ्ठे ठोकून तो चढवावा लागतो. पहाटेच्या अंकात, जेथे नाटककाराने सर्वांत करुण पद घातलेले असते, तेथेच तबला दगा देतो. ऑक्टोपॅडला दव बाधत नाही. दुसरे कारण पट्टीचे. एकाच नाटकात काळी एकमध्ये गाणारा पुरुष नट आणि काळी चारमध्ये गाणारी नटी असते. शिवाय नाट्यगीतापाठोपाठ लावणी व चित्रपटगीताच्या चालीवरील पद येते. पायपेटीवाल्यास प्रत्येक पट्टीत बोटे नव्याने बसवावी लागतात व तबलजीस वेगवेगळ्या स्वरांचे तबले बाळगावे लागतात. कळफलकावर हे काम एका कळीने होते. तिसरे कारण प्रवासाचे होय. या रंगभूमीवरील व्यावसायिक मंडळ्यांचे मुख्य केंद्र गोंदिया–चांदा फोर्ट लोहमार्गावरील वडसा (देसाईगंज, जि. गडचिरोली) हे असून तेथून त्या चारही जिल्ह्यांत जातात, आज अर्जुनी-मोरगाव, उद्या देवरी, परवा आणखी कोठे, असा त्यांचा क्रम असतो. भरगच्च हंगामात वाहनात नेपथ्य, पेट्या व माणसे कोंबली जात असता पायपेटीपेक्षा बगलेत मावणारा कळफलक सोयीचा, हे उघड आहे. यांशिवाय वीज कडाडणे, बंदुकीचा बार, रेल्वेची शिटी असे जे नाद पूर्वी पत्रा हलवून वा फटाका उडवून काढीत, ते ऑक्टोपॅडच्या एका गादीतून निघू लागले. पार्श्वसंगीत नावाची गोष्ट या रंगभूमीवर खऱ्या अर्थाने तेव्हा आली. जुन्या नाटकात दोन पदांमधील संवाद नुसत्या शांततेत चालत. आता रडणाऱ्या आईमागे व्हायोलिनसमूहाचा आभास आणि खलनायकाच्या प्रवेशाला आघात, हे नेहमीचेच झाले आहे. प्रेक्षकांना ते आवडते, याविषयी शंका नाही.

या सोयीची किंमत गायकनटाने मोजली. पायपेटी व तबला यांच्या साथीत वादक गायकाच्या मागून जातो; नटाने एखादी जागा आवडून दोनदा घेतली, प्रेक्षकांतून ‘वन्स मोअर’ आला, वा पद सोडून मध्येच संवाद बोलावासा वाटला, तरी साथ त्याला सांभाळून घेते. कळफलकातील बांधीव ठेका एकदा सुरू केला की तो कोणासाठी थांबत नाही. गायकास त्याच्या मापात राहावे लागते. आलाप आखडतो, तान मात्रा मोजून घ्यावी लागते. जाणते वादक म्हणूनच बांधीव ठेका नाट्यपदाला लावीत नाहीत, तो नाचगाण्यापुरता ठेवतात आणि पदाच्या वेळी तबला पुढे घेतात. ऑक्टोपॅड मात्र हातानेच वाजत असल्याने लयीच्या बाबतीत लवचिक असते. त्यास यंत्र म्हणून एकाच मापाने मोजणे अन्यायाचे होईल. त्याचा दोष वेगळा आहे : बोटांच्या दाबाने तबल्याच्या डग्ग्यातून जी घुमक व मींड निघते, ती काठीच्या आघाताने निघत नाही.

मिरवणुकीच्या वाद्यांतही याच्याशी मिळताजुळता बदल घडला. नागपूर, भंडारा, गोंदिया व लगतचा छत्तीसगड येथे ‘धुमाल’ नावाची वाद्यपथके लग्नात, गणेशोत्सवात व दुर्गोत्सवात वाजतात. मुळात चर्मवाद्यांच्या कडकडाटावर उभ्या असलेल्या या पथकांनी गाण्याची चाल वाजविण्यासाठी कळफलक घेतला आणि ध्वनिवर्धकांसह सारा संच वाहनावर चढविला. ढोलताशे येथे गेले नाहीत. त्यांच्यावर विद्युत्‌स्वरांचा थर चढला. नाटकाच्या तुलनेत हा बदल अधिक सहज झाला, कारण मिरवणुकीत जपावयाचा गाणारा गळा नव्हता.

विद्युतीकरणाने ही रंगभूमी ज्या एका अडचणीत सापडली, तिचा उगम कायद्यात आहे. ध्वनिप्रदूषण (विनियमन व नियंत्रण) नियम, २००० नुसार रात्री १० ते सकाळी ६ या वेळात उघड्यावर ध्वनिवर्धक वापरण्यास मनाई असून, सांस्कृतिक वा धार्मिक प्रसंगी मध्यरात्रीपर्यंतची सवलत राज्य शासनास वर्षातून १५ दिवसांपुरतीच देता येते. रात्री सुरू होऊन पहाटे संपणाऱ्या व महिनोन्‌महिने चालणाऱ्या नाटकांच्या हंगामाचा या नियमाशी मेळ बसणे कठीण आहे. भाता आणि पुडी यांवर चालणाऱ्या खेळाला ही अडचण आली नसती; परंतु तो खेळ आता हजारोंच्या मंडपात ऐकूही गेला नसता. २०२० मध्ये कोविडच्या साथीने सार्वजनिक कार्यक्रमच बंद पडले, तेव्हा वादकांची हंगामी मिळकतही बुडाली. त्यानंतर प्रयोग पुन्हा सुरू झाले आणि २०२३ मध्ये परशुराम खुणे या ज्येष्ठ नटास पद्मश्री देऊन केंद्र शासनाने या रंगभूमीची दखल घेतली.

पायपेटी या सर्वांतून नाहीशी झालेली नाही. अनेक मंडळ्यांच्या वाद्यवृंदात ती, तबला, कळफलक व ऑक्टोपॅड एकत्र नांदतात. कामाची वाटणीही ठरून गेली आहे : नांदी व नाट्यपदे पायपेटीकडे, लावणी व नाच ऑक्टोपॅडकडे, संवादामागचे सूर कळफलकाकडे. खेड्यातील वीज ऐन प्रयोगात गेली, तर जनित्र सुरू होईपर्यंतचा अवधी भरून काढण्याचे कामही पायपेटी व तबला यांच्याकडेच येते.