गोठ्यात राहणारा खेळ : वेगाच्या शर्यतींच्या अभ्यासाची प्रस्तावना

दौंडहून भीमा ओलांडून नगरच्या रस्त्याला लागलं की श्रीगोंदा तालुक्यातलं काष्टी येतं. शनिवारी इथे जनावरांचा बाजार भरतो. वेगाच्या खेळांचा अभ्यास करायचा असं ठरवून माझ्याकडे येणाऱ्या विद्यार्थ्याला मी आधी या बाजारात पाठवतो. घाट, मैदान, ट्रॅक हे सगळं नंतर. काष्टीच्या बाजारात शर्यत होत नाही, पण शर्यतीचा बैल कसा निवडतात ते इथे दिसतं. गिऱ्हाईक खोंडाचा ओठ वर करून दात बघतं. दुधाचे दात अजून शाबूत असतील तर तो आदत, दोन पक्के दात आले की दुसा, चार आले की चौसा. मग नजर खुरांवर जाते, खांद्यावर, वशिंडावर, पोटाच्या घेरावर. शेवटी जनावर दहावीस पावलं चालवून बघायचं. नांगराला बैल हवा असलेला माणूस शांत, दमदार जनावर शोधतो. शर्यतीसाठी घेणारा हलक्या पोटाचा, आवाजासरशी कान टवकारणारा, पाय उचलायला अधीर झालेला खोंड बघून थांबतो. दोघं एकाच दावणीपुढे उभे असतात आणि त्याच जनावराला वेगवेगळी किंमत देतात. हा किमतीतला फरक का पडतो, इथून आपला विषय सुरू होतो.

अलीकडे विद्यार्थी येतात ते बहुधा दुसराच प्रश्न घेऊन. त्यांनी मोबाइलवर ड्रिफ्टिंग पाहिलेलं असतं. वळणावर गाडी आडवी होते, मागची चाकं धूर सोडत घसरतात, पुढची चाकं वळणाच्या उलट दिशेला वळलेली असतात आणि तरीही गाडी चालकाच्या मुठीत राहते. हा टिकणारा मोटरस्पोर्ट आहे की चार दिवसांचं फॅड, असं ते विचारतात. प्रश्न चांगला आहे, आणि तो पोरकट समजून कुणी बाजूला सारू नये, कारण असा प्रश्न आपल्या बैलगाडा शर्यतीलाही विचारला गेला आहे. ट्रॅक्टर आला, आता बैल कोण पाळणार, बैल नाहीत तर शर्यती कशा राहणार, असं जाणकार म्हणत होते. त्यांचा तर्क पक्का होता, तरीही शर्यती राहिल्या. का राहिल्या ते नीट समजलं तर ड्रिफ्टिंगच्या प्रश्नाला हात घालता येतो.

आधी ड्रिफ्टिंगबद्दल. टायरची पकड सुटणं ही गाडी चालवण्यातली चूक. ती चूक मुद्दाम करायची आणि सावरत सावरत वळण संपेपर्यंत लांबवायची, हे या खेळाचं मर्म. त्यासाठी इंजिनाची ताकद मागच्या चाकांना मिळणारी गाडी लागते. चालक क्लच झटक्याने सोडतो किंवा हँडब्रेक ओढतो, मागचा भाग बाहेर फेकला जातो, मग ॲक्सिलरेटरने तो कोन धरून ठेवायचा आणि स्टिअरिंगने तोल सांभाळायचा. जपानमध्ये १९७० च्या दशकात कुनिमित्सु ताकाहाशी हे शर्यतपटू वळणं अशी घेत. त्यांचं बघून डोंगरातल्या घाटरस्त्यांवर रात्री गाडी घसरवणाऱ्या केइची त्सुचिया यांनी ही शैली जपानभर पोहोचवली. २००० च्या सुमारास त्सुचिया आणि दाइजिरो इनादा यांच्या पुढाकाराने जपानमध्ये डी-वन ग्रांप्री ही व्यावसायिक मालिका सुरू झाली. अमेरिकेत २००४ पासून फॉर्म्युला ड्रिफ्ट सुरू झालं. २०१७ मध्ये मोटरस्पोर्टची जागतिक संघटना एफआयए हिने टोकियोत आंतरखंडीय ड्रिफ्टिंग चषक भरवला. जो खेळ रात्रीच्या रस्त्यावर पोलिसांना चुकवत चालायचा, त्याला चाळीसेक वर्षांत संघटना, परवाने आणि पंच मिळाले.

तरी शंका उरतेच. शर्यतीत आधी पोचेल तो जिंकतो. ड्रिफ्टिंगमध्ये गाडीची रेषा, कोन आणि शैली यांना गुण देतात. ज्याचा निकाल परीक्षकाच्या डोळ्यावर ठरतो तो खेळ की प्रदर्शन, असं विचारणारे अजून आहेत. मला हा आक्षेप कच्चा वाटतो. जिम्नॅस्टिक्स आणि मल्लखांब यांचा निकालही परीक्षकच देतात, आणि त्यांना कुणी फॅड म्हणत नाही. रॉजे कायवा या फ्रेंच अभ्यासकाने १९५८ मध्ये खेळांच्या चार मूळ प्रेरणा सांगितल्या : स्पर्धा, दैव, सोंग आणि भोवळ. लहान मूल दोन्ही हात पसरून गरगर फिरतं आणि पडतं, ती भोवळ. ड्रिफ्टिंगमध्ये ती भोवळ स्पर्धेला जुंपलेली आहे. असा जोड माणसाच्या स्वभावात खोल रुजलेला आहे, पण त्यावरून एखादा विशिष्ट खेळ टिकेल असं म्हणता येत नाही.

मग टिकतो कोणता? खेळ चालू नसतो तेव्हा तो कुठे राहतो, हे मी आधी विचारतो. उत्सवाचे दोनचार दिवस, मैदानावरची दोनचार मिनिटं सोडली तर वर्षाचा उरलेला सगळा काळ खेळ कुणीतरी, कुठेतरी सांभाळत असतं. तो सांभाळणारा आणि ती जागा सापडली की निम्मा अभ्यास झाला.

बैलगाडा शर्यतीत ही जागा अर्थातच गोठा. महाराष्ट्रात या खेळाची एकच तऱ्हा नाही, हे नव्या अभ्यासकाने पहिल्यापासून ध्यानात ठेवावं. खेड, जुन्नर, आंबेगाव, मावळ या पट्ट्यात गाडा चढाच्या घाटात पळतो. चार बैल, त्यांच्यापुढे घोडी आणि तिच्यावर स्वार. गाडे एकामागून एक सोडतात, प्रत्येकाची बारी सेकंदांत मोजतात, आणि सगळ्यांत कमी सेकंदांत घाट चढणारा त्या दिवसाचा घाटाचा राजा. सातारा-सांगलीकडे सपाट मैदानावर फाट्या आखलेल्या असतात, दोन बैलांचे हलके छकडे शेजारी-शेजारी सुटतात, आणि गट, सेमी, फायनल असा क्रम लागतो. विदर्भात हाच खेळ शंकरपट म्हणून ओळखला जातो, आणि अमरावती जिल्ह्यातल्या तळेगाव दशासरच्या पटाचं नाव त्यात मोठं. घाटातला माणूस घड्याळाशी झुंजतो, मैदानातला शेजारच्या फाटीशी. ॲलन गुटमन यांनी १९७८ च्या आपल्या ग्रंथात विधीपासून विक्रमाकडे असा आधुनिक खेळाचा प्रवास मांडला होता. आपल्या घाटात मात्र ग्रामदैवताची जत्रा आणि सेकंदांचा हिशोब एकाच दिवशी, एकाच माणसांच्या हातून होतात. गुटमन यांची मांडणी इथे अपुरी पडते, आणि ती दुरुस्त करण्याचं काम मराठी अभ्यासकांनी करायला हवं.

या खेळाची खरी परीक्षा झाली ती बंदीत. ११ जुलै २०११ रोजी केंद्र सरकारने प्रदर्शन आणि कसरतींसाठी मनाई असलेल्या प्राण्यांच्या यादीत बैल घातला. ७ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने जल्लीकट्टू आणि बैलगाडा शर्यती या दोन्हींवर बंदी कायम केली. २०१७ मध्ये महाराष्ट्राने कायद्यात दुरुस्ती केली, पण त्याच वर्षी मुंबई उच्च न्यायालयाने शर्यतींना परवानगी देण्यास अटकाव केला. १६ डिसेंबर २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अटींसह वाट मोकळी केली आणि १८ मे २०२३ रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने तमिळनाडू, कर्नाटक आणि महाराष्ट्र यांचे कायदे वैध ठरवले. २०१४ ते २०२१, म्हणजे सात वर्षांहून अधिक काळ. पळणाऱ्या बैलाची उमेद इतकी वर्षं टिकत नाही. बंदी आली तेव्हा जो बैल भरात होता तो बंदी उठेपर्यंत उतरणीला लागला. परवानगीनंतर जे बैल धावले त्यांतले बरेचसे बंदीच्या काळातच जन्मलेले. त्यांची पैदास कुणीतरी केली, त्यांना कुणीतरी विकत घेतलं, पळायला शिकवलं, आणि हे सगळं शर्यत होईल याची काही खात्री नसताना. हे घडलं गोठ्यांत आणि बाजारांत. ज्याला फॅड म्हणतात त्याच्यामागे सात वर्षं वैरण घालायला कुणी उभं राहत नाही.

अर्थात यातलं अर्थकारण सोडून केवळ निष्ठेची गोष्ट सांगितली तर ती अर्धी होईल. काष्टीच्या बाजारात फिरताना एचएफ आणि जर्सी गाई डोळ्यांत भरतात. दूधधंद्याने हा सगळा पट्टा बदलला. संकरित गाईच्या गोऱ्ह्याला जू टेकायला पुरेसं वशिंड नसतं, त्यामुळे कामाला त्याची मागणी नाही. खिलार खोंडाला वशिंड आहे, चपळाई आहे, पण नांगरट ट्रॅक्टरने होऊ लागल्यावर त्याला काम उरलं थोडं. गाळपाच्या हंगामात ऊसतोडीच्या टोळ्यांच्या टायरगाड्या ओढायला बैल लागतात, ते एक गिऱ्हाईक. दुसरं गिऱ्हाईक शर्यतीचं. शर्यतीमुळे खिलार जात टिकली असं शर्यतीचे समर्थक सांगतात. हे विधान तपासण्याजोगं आहे, आणि ते काष्टीसारख्या बाजारात तपासता येतं. कोणत्या महिन्यात कोणत्या वयाचे खोंड येतात, कुठल्या तालुक्यांतून येतात, कुठे जातात, हे वर्षभर शनिवारी येऊन वहीत उतरवणारा विद्यार्थी मिळाला तर या वादात प्रथमच काही ठोस पुरावा येईल. २०२२ मध्ये लम्पी आजारामुळे राज्यातले जनावरांचे बाजार बंद ठेवावे लागले होते. अशा खंडांचा परिणामही नोंदींत दिसेल.

जनावराच्या वेदनेचा प्रश्न टाळून हा अभ्यास करता येणार नाही. २०१४ चा निकाल वाचाच. बैलाला टोचणं, शेपटी पिरगळणं, भीतीने पळवणं याबद्दल त्यात जे म्हटलं आहे ते जत्रेत वाढलेल्या माणसाला अस्वस्थ करतं, मलाही करतं. महाराष्ट्राच्या नियमांत म्हणून शर्यतीचं अंतर एक हजार मीटरपर्यंत मर्यादित केलं आहे, काठी-चाबूक चालत नाही, आणि कायद्यात तीन वर्षांपर्यंत कैद किंवा पाच लाख रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. ड्रिफ्टिंगमधला धोका निराळा. सार्वजनिक रस्त्यावर गाडी आडवी घातली तर जीव दुसऱ्याचाही जातो. बंद ट्रॅकवर ते धाडस असतं, रहदारीत तो गुन्हा ठरतो. दोन्ही खेळांना नियमांनी सभ्य केलं आणि त्या नियमांमुळेच त्यांना उद्याची आशा आहे, असं माझं मत आहे.

आता पुन्हा जपानकडे. ड्रिफ्टिंगचा गोठा म्हणजे गॅरेज. टोयोटाची एई-८६ ही मागच्या चाकांवर चालणारी छोटी गाडी १९८३ ते १९८७ या काळात निघाली. निसानची सिल्व्हिया २००२ मध्ये बंद झाली. ज्या गाड्यांवर हा खेळ उभा राहिला त्यांची पैदास थांबली, आपल्याकडे बैलांच्या बाबतीत जी भीती होती नेमकी तीच. तरीही लोकांनी जुन्या गाड्या उघडल्या, जोडल्या, सुटे भाग शोधले, आणि २०२१ मध्ये टोयोटाने एई-८६ चे काही भाग पुन्हा बनवायचं जाहीर केलं. चाळिशीला टेकलेल्या गाडीसाठी कारखान्याला पुन्हा हात चालवावा लागला. म्हणून जपानपुरतं माझं उत्तर निःशंक आहे : ड्रिफ्टिंग तिथे रुजलेलं आहे.

महाराष्ट्रात अजून नाही. आपल्या रस्त्यावरच्या बहुतेक लहान गाड्या पुढच्या चाकांवर चालतात, त्यांची मागची चाकं ताकदीने घसरवता येत नाहीत. मागच्या चाकांची स्वस्त जुनी गाडी, ती मोडली तर दुरुस्त करणारा शेजारचा मिस्त्री आणि टायर झिजवायला परवडणारी बंद जागा, हे तिन्ही एकत्र यावं लागतं. कोल्हापूरजवळ हुपरीला कार्टिंगचा ट्रॅक उभा राहिला आणि त्या भागात मोटरस्पोर्टची आवड पिढीत उतरली. यावरून जागा आणि मिस्त्री असले की मुलं येतात, हे दिसतं. ड्रिफ्टिंगची ती घडी आपल्याकडे बसायची आहे. तोवर त्याला फॅड म्हणून हिणवणं जितकं चूक, तितकंच मोबाइलवरच्या गर्दीकडे बोट दाखवून ते टिकलं असं म्हणणंही चूक.

गोठा म्हणजे नेहमी गवताची शाकारणीच असते असं नाही. खो-खोला आणि हुतूतूला ना बैल लागतो ना गाडी. १९१४ मध्ये पुण्याच्या डेक्कन जिमखान्याने खो-खोचे नियम बांधले आणि पुढे शाळांच्या मैदानांनी तो खेळ सांभाळला. शाळा हाच त्याचा गोठा झाला. कबड्डी १९९० मध्ये बीजिंगच्या आशियाई स्पर्धांत पोचली. आट्यापाट्यांना मात्र नियम आणि संघटना मिळूनही गावागावांतली घरं टिकली नाहीत. असं का झालं, यावर कुणी चांगला प्रबंध लिहिला तर मी तो आनंदाने वाचेन.

या विषयात येणाऱ्याला फार सामग्री लागत नाही. एक वही, दातांची ओळख, थोडं यंत्राचं ज्ञान आणि न्यायालयाचे निकाल वाचण्याची चिकाटी. दात बघायला बाजारातली म्हातारी माणसं आपणहून शिकवतात. विचारणाऱ्याला परत पाठवत नाहीत. दुपार कलली की काष्टीत न विकलेली जनावरं पिकअपमध्ये चढवायला लागतात. त्या वेळी फळकुटावर पाय अडवून उभा राहिलेला एखादा आदत खोंड दिसेल. त्याच्या मालकाला विचारा, हा कुणासाठी आणला होता, आणि आता पुढच्या शनिवारपर्यंत त्याला कुठे ठेवणार.