परसबागेतील कमी दिवसांच्या भाज्या : नांदेड-लातूरसाठी लागवड व पाण्याचे नियोजन

घराच्या मागे दहा-बारा फूट मोकळी जागा असेल, तर रोजच्या भाजीची बरीच गरज तिथेच भागू शकते. मराठवाड्यात अडचण जागेपेक्षा पाण्याची असते. एप्रिल २०१६ मध्ये लातूर शहराला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले होते. म्हणून परसबागेत आधी २५ ते ५५ दिवसांत हाती येणाऱ्या भाज्या निवडाव्यात. वांग्यासारख्या पिकाला काही महिने पाणी द्यावे लागते. मेथीचे काम महिन्याभरात संपते आणि टंचाई दिसू लागली तर पुढची पेरणी थांबवता येते.

हंगामानुसार भाज्या (कंसात काढणीचे दिवस)

* जून ते सप्टेंबर : माठ (२५-३०), अंबाडी (३०-४०), काकडी (४५-५०), भेंडी व गवार (५०-५५).
* ऑक्टोबर ते जानेवारी : मेथी (२५-३०), करडईची कोवळी भाजी (२५-३०), पालक व चुका (३०-३५), शेपू (३५-४०), कोथिंबीर (३५-४५), मुळा (४०-४५).
* फेब्रुवारी ते मे : तांदुळजा, माठ, काकडी आणि उन्हाळी मुळा.

भेंडीसाठी परभणीच्या कृषी विद्यापीठाने विकसित केलेला ‘परभणी क्रांती’ हा वाण चांगला. पाने पिवळी पडणाऱ्या केवडा रोगाला तो प्रतिकारक म्हणून ओळखला जातो. उन्हाळ्यात मुळा घ्यायचा असल्यास ‘पुसा चेतकी’ निवडावा. हिवाळी वाण उन्हात लवकर फुलावर येतात.

वाफे तयार करणे

१० फूट लांब व ३ फूट रुंद असे चार वाफे करावेत. वाफ्यात पाय न ठेवता दोन्ही बाजूंनी हात पोहोचला पाहिजे. आपली काळी जमीन पावसाळ्यात पाणी धरून ठेवते, मुळे कुजतात. म्हणून त्या काळात अर्धा फूट उंच गादीवाफे करावेत. उन्हाळ्यात उलट, वाफा जमिनीपेक्षा थोडा खोल ठेवून कडेने वरंबा घालावा. प्रत्येक वाफ्यात दोन घमेली पूर्ण कुजलेले शेणखत मिसळावे. कच्च्या शेणाने हुमणी व वाळवीचा त्रास वाढतो.

पेरणी

चारही वाफे एकाच दिवशी पेरू नयेत. सगळी मेथी एकदम तयार होते, निम्मी जून होऊन वाया जाते. दर आठ दिवसांनी एक वाफा पेरावा. चौथा वाफा पेरून आठवडा होईपर्यंत पहिला काढणीला येतो. रिकाम्या वाफ्यात लगेच दुसरी भाजी घ्यावी. मेथीनंतर मुळा, मुळ्यानंतर पालक, असा फेर ठेवावा.

पालेभाज्या वीतभर अंतराच्या ओळींत, अर्ध्या पेराएवढ्या खोलीवर पेराव्यात. धने हलके रगडून दोन भाग करावेत, रात्रभर भिजवून सावलीत सुकवावेत आणि मग पेरावेत. घरातले धने-मेथ्या जुन्या नसतील तर बियाणे म्हणून चालतात. दुकानातील रंगीत बियाण्याला औषध लावलेले असते. उरलेले बी स्वयंपाकात वापरू नये.

पाण्याचा हिशोब

थंडीत एका वाफ्याला रोज सुमारे १० लिटर पाणी लागते, म्हणजे चार वाफ्यांना ४० लिटर. मे महिन्यात ऊन व वाऱ्यामुळे गरज दुपटीवर जाते. तेच ४० लिटर जेमतेम दोन वाफ्यांना पुरतात. म्हणून पाणी कमी पडू लागले की वाफे कमी करावेत, प्रत्येक वाफ्याचे पाणी तोडू नये. अर्धवट पाण्यावर चार वाफे ठेवले तर पालेभाजी चरबट होते, मुळा तिखट व जाळीदार होतो, काकडी कडू लागते. दोन वाफे नीट भिजवले तर खाण्याजोगी भाजी मिळते.

उगवण होईपर्यंत रोज झारीने हलके पाणी द्यावे. नंतर काळ्या जमिनीत दोन दिवसांचे पाणी एकदम, संध्याकाळी दिले तरी चालते. ओळींमध्ये सोयाबीनचा भुसा किंवा वाळलेला पाला अंथरावा. ओल टिकते, जमीन कमी भेगाळते. दुपारच्या उन्हासाठी जुन्या साडीची सावली करावी. डाळ-तांदूळ व भाज्या धुतलेले पाणी थेट वाफ्यात चालते. साबणाचे पाणी पालेभाज्या व मुळ्याला देऊ नये.

कीड नियंत्रण

* मावा किंवा नागअळी दिसताच खराब पाने तोडून नष्ट करावीत.
* ५० ग्रॅम निंबोळी पावडर एक लिटर पाण्यात रात्रभर भिजवून, गाळून संध्याकाळी फवारावी.
* कापूस-सोयाबीनवरचे उरलेले कीटकनाशक घरच्या भाजीवर कधीही मारू नये. ही भाजी दोन-चार दिवसांत ताटात येते, औषधाचा अंश उतरायला वेळच मिळत नाही.
* तणनाशकासाठी वापरलेला पंप परसबागेत आणू नये. तळाशी राहिलेल्या थेंबांनीही भेंडी, काकडीची पाने आकसतात.

काढणी

पालक जमिनीपासून दोन इंच वर कापावा. १५ ते २० दिवसांनी पुन्हा कापणीला येतो. माठ व अंबाडीचे शेंडे खुडले की बाजूने फुटवे येतात. भेंडी, गवार व काकडी एक दिवसाआड तोडावी. फळ जून राहिले तर पुढची फळधारणा मंदावते.

फेब्रुवारीच्या शेवटी विहीर, बोअर किंवा नळाचे पाणी किती दिवस पुरेल ते पाहावे. घरच्या वापरातून रोज २० लिटरच उरत असतील, तर उन्हाळ्यात तांदुळजाचा एकच वाफा ठेवावा आणि बाकीचे तीन पालापाचोळ्याने झाकून पावसाळ्यासाठी राखावेत.